चहा कोणाच्या हातचा?

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं दहा-बारा मंडळी जमली होती. बाहेर संततधार लागलेली, आंत संभाषणाला ऊत आलेला. विषय स्त्रियांच्या हक्कांचा होता, आणि यजमानांनीं त्या दिवशीं जें विवेचन केलें तें आगरकरांच्याहि कानांस गोड लागलें असतें. त्या दोन तासांत आल्या-वेलदोड्याचा वाफाळलेला चहा तीन वेळां बाहेर आला. तिन्ही वेळां तो यजमानीणबाईंनीं आणला, आणि तिन्ही वेळां यजमानांनीं विवेचन न थांबवितां तबकांतला कप उचलला. पुढें आम्ही पाणी पिण्यासाठीं म्हणून स्वयंपाकघरांत गेलों, तों ओट्याच्या कडेला एक भरलेला कप तसाच राहिलेला दिसला. त्यावर जाड साय धरली होती. "हा कोणाचा राहिला?" असें आम्हीं विचारलें. बाई हंसून म्हणाल्या, "माझाच. पहिल्या खेपेचा."

हा लेख त्या साय धरलेल्या कपाविषयीं आहे. मसाल्याच्या चहाच्या गोडीबद्दल आमचें कोणाशींहि भांडण नाहीं. पावसाची सर खिडकीवर आपटत असतां ज्या घरांत आल्याचा झणका आणि वेलदोड्याचा दरवळ एकदम उठतो, त्या घरांत बसण्यासारखें सुख थोडें. तें आम्हीं आयुष्यभर भोगलें आहे व पुढेंहि भोगण्याची आमची इच्छा आहे. आमचें भांडण आहे तें या सुखाच्या वांटणीशीं. घरच्या चहाची थोरवी सर्वांनीं गावी, आणि तो करण्याचा भार मात्र एकाच माणसानें वाहावा, ही जी रीत आमच्या सुशिक्षित घरांतून चालू आहे तिला परंपरेचा आधार नाहीं, पाकशास्त्राचा आधार नाहीं आणि न्यायाचा तर नाहींच नाहीं, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम परंपरेचा दावा तपासून पाहूं. मसाल्याचा चहा ही आपली पुरातन चाल आहे, आणि तो करून सर्वांच्या हातीं देणें हा गृहिणीचा तितकाच पुरातन धर्म आहे, असें घरोघर समजतात. यांत पुरातन कांहीं असेल तर तें आलें, सुंठ, मिरीं, तुळस आणि गवती चहा. पडशा-खोकल्यावर यांचा काढा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उकळत आला आहे. चहाचें पान मात्र परवांचें. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश गृहस्थास आसामांतल्या सिंगफो लोकांकडून तेथील चहाच्या झाडाची माहिती मिळाली ती १८२३ सालीं. आसामचा चहा लंडनच्या लिलांवांत पहिल्यानें विकला गेला तो १८३९ च्या जानेवारींत. त्यानंतर कित्येक दशकें येथें पिकलेला बहुतेक चहा परदेशींच जाई. १९०३ सालीं निर्यातीच्या चहावर उपकर बसविण्याचा कायदा झाला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार होऊं लागला. पुढें १९३० नंतरच्या मंदींत माल तुंबला, तेव्हां मळेवाल्यांना हिंदुस्थानांतल्या गिऱ्हाइकाची विशेषच आठवण झाली. प्रचारकांनीं पेले वांटले आणि पान कसें मुरवावें हें लोकांस शिकविलें. लोकांनीं त्यांचें अर्धेंच ऐकलें. त्यांनीं तें पान आपल्या काढ्याच्या पातेल्यांत टाकलें, वर दूध-साखर घातली आणि सगळें एकत्र उकळलें. दूध-मसाला असला म्हणजे पान कमी लागतें, त्यामुळें मळेवाल्यांना ही रीत मुळींच रुचली नाहीं. १९३० च्याच सुमारास मॅकर्चर यांनीं आसामांत पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे पाडण्याचें यंत्र काढलें. त्या 'सी. टी. सी.' दाण्यांचा कडक अर्क दुधा-मसाल्यांत लोपत नाहीं, आणि पुढच्या काळांत हीच स्वस्त पूड सामान्य घरांत पोंचली. तात्पर्य, काढा आजीचा, पान मळेवाल्याचें, आणि दोघांचें लग्न फार तर शंभर वर्षांचें. एवढ्या कोंवळ्या वयाच्या चालीला सनातन धर्म म्हणणें हें सनातन धर्माचाहि उपमर्द करणें होय.

त्यांतून आपल्या महाराष्ट्रांत तर चहाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाला जमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांपुढें चहा-बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हे त्या मंडळींत होते. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं तो नुसता हातीं धरून बाजूस ठेवला. पुढें त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि एवढ्या थोर पुरुषांना प्रायश्चित्ताच्या भानगडींत पडावें लागलें. चहा वाईट होता असें कोणाचेंच म्हणणें नव्हतें. प्रश्न एकच होता : चहा कोणाच्या हातचा?

या प्रश्नास आज आपण हंसतों, आणि हंसावें हेंच योग्य. परंतु हंसण्याच्या भरांत एक गोष्ट आपल्या ध्यानांतून सुटते. ज्या घरांत एके काळीं चहा प्याल्याबद्दल पुरुषांना प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्याच घरांत दोन-तीन पिढ्यांनीं, पहांटे उठून चहा न टाकल्याबद्दल सुनेवर प्रायश्चित्ताची पाळी आली. निषिद्ध पदार्थ नित्यकर्म झाला. त्यासाठीं कोणत्या स्मृतींत वचन शोधलें गेलें, कोणत्या पीठाची आज्ञा घेतली गेली? कोणत्याच नाहीं. सोय दिसली, चाल पडली. जी चाल सोयीनें पडली ती न्यायानें मोडतां येते, हें सांगावयास शंकराचार्यांची गरज नाहीं. ज्यांच्या पणजोबांनीं चहा पिण्याचें धैर्य दाखविलें, त्यांच्या पणतवंडांना चहा करण्याचें धैर्य होऊं नये काय?

आम्ही अतिशयोक्ति करतों असें ज्यांस वाटत असेल त्यांच्यासाठीं कांहीं आंकडे देतों. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं, देशांतील माणसें आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. वयाचीं ६ वर्षे पुरीं झालेल्या स्त्रियांपैकीं ८१.२ टक्के स्त्रिया घरचें बिनपगारी काम करतांना आढळल्या. पुरुषांत हें प्रमाण २६.१ टक्के निघालें. जीं माणसें असें काम करतात त्यांतहि स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटें, पुरुषांचा ९७. म्हणजे शंभरांतले चौऱ्याहत्तर पुरुष घरकामाच्या वाटेलाच जात नाहींत, आणि जे जातात ते तिसऱ्या हिश्श्यावरून परत फिरतात. या आंकड्यांत खेडेगांवांतले व अशिक्षितहि आले, असें म्हणून सुशिक्षितांनीं सुटूं नये. आपल्या घरीं आज सकाळचा पहिला चहा कोणी केला, एवढेंच प्रत्येकानें मनाशीं आठवावें.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "अहो, चहा म्हणजे पांच मिनिटांचें काम! त्याचा एवढा बाऊ कशाला?" ठीक आहे, काम पांच मिनिटांचें असेल तर तें आपल्याच हातून कां होत नाहीं? खरें पाहतां तें पांच मिनिटांचें नाहींच. आलें धुवून ठेंचणें, दूध उतूं जाऊं नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवून उभें राहणें, गाळणें, नेऊन देणें, मग चोथा टाकून पातेलें घासणें आणि कपबशा विसळणें, यांत पाव तास सहज जातो. सकाळचा चहा, न्याहरीचा, दुपारचा आणि पाहुण्यारावळ्याचा असे दिवसांतून चार जरी धरले, तरी रोजचा एक तास झाला. वर्षाचे ३६५ तास म्हणजे पुरे पंधरा अहोरात्र. यांपैकीं एक तास जरी कोणी आमच्याकडे बिनपगारी मागितला असता, तर आम्हीं केवढें काहूर माजविलें असतें!

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. "तिच्या हाताला जी चव आहे ती आमच्या हाताला कोठून येणार?" ही स्तुति ऐकून कित्येक बायका फसतात, आणि करणारालाहि ती खरी वाटते. पण घराचा उंबरठा ओलांडून जरा बाहेर पाहा. पुण्याच्या अमृततुल्यांत पितळेच्या पातेल्यापुढें बसून आलें-वेलदोडा कुटणारा हात बहुधा कोणाचा असतो? इराण्याच्या हॉटेलांत, स्टेशनावरच्या गाड्यावर, कचेरीच्या कोपऱ्यावरल्या टपरींत चहा उकळतो तो बहुतेक ठिकाणीं पुरुषच. त्याच्या हातची चव घ्यावयास लोक गर्दी करून उभे राहतात. मग दाम मिळालें कीं पुरुषाच्या हाताला चव येते आणि घरांत पाऊल टाकतांच ती नाहींशी होते, असा कांहीं सृष्टिनियम आहे काय? नियम आहे तो हाताचा नव्हे, मोबदल्याचा.

या बाबतींत आम्ही स्वतः निर्दोष आहों असें मात्र कोणी समजूं नये. तीस वर्षे आम्हीं घरच्या चहाची तोंडभरून तारीफ केली, आणि तीस वर्षांत एकदांहि पातेलें चुलीवर ठेवलें नाहीं. एका हिंवाळ्यांत आमच्या पत्नीला तापानें अंथरूण धरावें लागलें. तिला कढत चहा करून द्यावा म्हणून आम्ही मोठ्या ऐटींत उठलों. दूध तापत ठेवलें, त्यांत कच्चें आलें किसून घातलें, आणि पाहतां पाहतां दूध नासलें. दुसऱ्यांदा तेंच केलें, दुसऱ्यांदाहि तेंच झालें. शेवटीं ती अंगावर शाल घेऊन तापांतच उठली व भिंतीला टेंकून उभी राहून आम्हांस चहा करून देऊं लागली. आम्ही नुसते पाहत राहिलों. त्या दिवशीं तो चहा आमच्या घशाखालीं उतरला नाहीं, आणि ही लेखणी उचलण्याचें खरें कारण तेंच आहे.

मग आम्ही ही विद्या शिकलों, आणि शिकल्यावर कळलें कीं हातगुण म्हणतात तो म्हणजे क्रम आणि लक्ष, दुसरें कांहीं नाहीं. कच्च्या आल्यांत एक पाचक द्रव्य असतें; तें दुधांतल्या प्रथिनांना फोडतें आणि दूध नासतें. आलें आधीं पाण्यांत चांगलें उकळलें कीं त्या द्रव्याची शक्ति जाते. म्हणून चार माणसांच्या चहाला अडीच कप पाणी घ्यावें. त्यांत बोटाच्या पेराएवढें ठेंचलेलें आलें आणि गवती चहाचीं दोन-तीन पातीं कातरून टाकावीं, व चार-पांच मिनिटें उकळूं द्यावीं. गवती चहा हा खरा चहा नव्हेच, तें एक गवत आहे; परसांत नाहीं तर कुंडींतहि येतें, आणि त्याच्या तेलाला लिंबासारखा वास असतो. नंतर साखर आणि चार लहान चमचे चहापूड घालावी. पूड फार उकळूं नये. जितकी अधिक उकळेल तितका तिचा तुरटपणा पाण्यांत उतरतो. मिनिटा-दोन मिनिटांनीं वेगळें तापविलेलें दीड कप दूध ओतावें. दुधांतलीं प्रथिनें तुरट अंशाला धरून ठेवतात, त्यामुळें चहाला मवाळपणा येतो. एक-दोन उकळ्या आल्या कीं सालीसकट कुटलेले तीन-चार वेलदोडे टाकून, विस्तव बंद करून वर झांकण ठेवावें. वेलदोड्याचा सुगंध उडून जाणारा आहे. तो आधीं घातला तर शेजाऱ्याच्या नाकाला मिळतो, आपल्या जिभेला नाहीं. लवंग, मिरीं, दालचिनी हीं थंडी-पावसांत आणि बेतानेंच घालावीं. गूळ घालणें असेल तर विस्तवावरून उतरल्यावर घालावा, नाहींतर पुन्हां दूध फाटण्याची भीति. झालें! एवढ्या शास्त्राला पदवी लागत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाला, मग तो मुलगा असो कीं मुलगी, मोठ्यांच्या देखरेखीखालीं दोन रविवारांत हें येईल.

तिसरा आक्षेप असा कीं, "आम्ही करावयास तयार आहों हो, पण तीच आम्हांला स्वयंपाकघरांत येऊं देत नाहीं." यांत तथ्य आहे, हें आम्ही कबूल करतों. परंतु ज्या माणसाला सबंध घरांत एकच खोली आपली म्हणून मिळाली आहे, तें माणूस त्या खोलीच्या दारांत आडवें उभें राहणारच. तिला दुसऱ्याहि खोल्यांत बसूं द्या; बैठकींतल्या चर्चेत तिचा शब्द कानांवर घ्या; पैशाच्या व्यवहारांत तिचें मत विचारा. मग ती दार सोडते कीं नाहीं तें पाहा. आणि आज ओट्यावर सांडलेल्या साखरेबद्दल ती चार शब्द बोललीच, तर ते मुकाट्यानें ऐकावे आणि फडकें घ्यावें.

आतां या तंट्यांतून बाजारानें एक सोपी वाट काढून दिली आहे. दूध-पावडर, साखर, मसाल्याचा वास आणि चहाचा अर्क एकत्र करून पुड्या भरलेल्या मिळतात. कढत पाणी ओतलें कीं काम झालें. प्रवासांत किंवा कचेरींत ही पुडी कोणाच्या उपयोगीं पडत असेल तर आमची ना नाहीं. घरांत मात्र ती निव्वळ पळवाट आहे. काम वांटून घेण्याऐवजीं चवच टाकून द्यावी, असा हा तोडगा. आणि त्यांतहि पाणी तापवून पुडी फोडणारा व तबक आणून देणारा हात बहुधा पूर्वीचाच राहतो. घरच्या चहाचें मोल त्यांतल्या मसाल्यांत जितकें आहे तितकेंच, कोणाला आलें जास्त लागतें, कोणाला साखर वर्ज्य आहे, कोणाचा घसा आज बसला आहे, हें जाणून तो केलेला असतो यांत आहे. हें जाणणें पुडींत भरतां येत नाहीं. तें शिकावें लागतें, आणि घरांतल्या प्रत्येकानें शिकावें अशी ती गोष्ट आहे.

हाताचा विषय निघालाच आहे, म्हणून आणखी एका कपाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. पुष्कळ सुशिक्षित घरांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईला चहा मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिचा कप निराळा, बहुधा कान तुटलेला, आणि तो ठेवण्याची जागाहि निराळी. घरांतलीं सगळीं कपबशी जिच्या हातून स्वच्छ होऊन निघते, तिच्या ओंठांनीं मात्र ती विटाळते! पंचहौदाच्या ग्रामण्याला हंसणारांनीं आधीं आपल्या मोरीच्या कोनाड्यांत डोकावून पाहावें. १८९० सालचा तो प्रश्न तेथें अजून उपडा घालून ठेवलेला सांपडेल.

मुलगी पाहण्याच्या समारंभाविषयीं चार शब्द लिहून हा लेख आवरतों. पोह्यांच्या बशांमागून मुलगी चहाचें तबक घेऊन येते. तें तिनें कसें धरलें, कप किती हिंदकळला, चहा तिनेंच केला कीं नाहीं, याची बारीक पारख होते. मुलगी वैद्य असो, वकील असो कीं यंत्रशाळेंत अधिकारी असो, तबक चुकत नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, हा समारंभ राहणारच असेल तर निदान परीक्षा दोघांचीहि व्हावी. मुलीच्या वडिलांनीं मुलाला पगार विचारतात तितक्याच मोकळेपणानें विचारावें, "कां हो, आलें दुधाच्या आधीं घालावें कीं मागून?" ज्याला उत्तर येणार नाहीं त्याला नापास करावें असें आमचें म्हणणें नाहीं, आम्हीं स्वतः तीस वर्षे तें दिलें नसतें. पण तो आंत जाऊन शिकावयास तयार आहे कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें.

पावसाळा फिरून येईल आणि त्या स्नेह्यांच्या घरीं मंडळी पुन्हां जमेल. यजमान पुन्हां स्त्रियांच्या हक्कांवर बोलतील, आणि तें बोलणें ऐकावयास आम्ही आवर्जून जाऊं. फक्त त्या दिवशीं बोलतां बोलतां त्यांनीं उठावें, खलबत्ता घ्यावा, आणि पातेल्याला उकळी येईपर्यंत बाईंना आपल्या जागीं बसवून त्यांचें मत मंडळींना ऐकूं द्यावें. चहा गाळल्यावर पहिला कप, साय धरण्याच्या आंत, त्यांच्या हातीं द्यावा. विवेचन पाव तास थांबेल. परंतु त्यामुळें स्त्रियांच्या हक्कांची कांहीं हानि होईल असें आम्हांस वाटत नाहीं.